कोंबडी डोळ्यांसमोर कापली, मग बाधली कशी?



एरवी या पानावर आम्ही बेणे, खताचे हप्ते, लागणीच्या नोंदी आणि खोडव्याची निगा याविषयी लिहीत असतो. या वेळी मात्र कोंबडीच्या मांसाविषयी लिहीत आहोत. ऊस विकास अधिकाऱ्याचा आणि कोंबडीचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो पातूर गटातल्या एका फडावर आम्हांला चांगलाच कळला.

मार्च महिना होता. एका सभासदांचा शेवटचा फड तुटला. टोळीने उन्हातान्हात काम वेळेवर उरकले म्हणून त्यांनी शेतातच जेवण ठेवले. टोळीची माणसे, बायका-पोरे, ट्रॅक्टरवाले, शेजारचे दोन-चार शेतकरी आणि आम्ही, अशी पस्तीसेक पाने होती. कोंबड्या सकाळी दहाच्या सुमारास गावातून कापून आणल्या. त्या पिशवीतच मोटारीच्या खोलीत खुंटीला टांगून राहिल्या. दुपारी चारला विहिरीजवळ टोपलीभर मांस एका घमेल्यात धुतले, लाकडी पाटावर त्याचे तुकडे केले. रस्सा चुलीवर खळखळा शिजला. त्यात काही उणे नव्हते. मग कांदा-काकडी चिरायचे काम निघाले. "आणा इकडे, तेवढं आम्ही करतो," असे म्हणून आम्ही तोच सुरा उचलला, फडक्याने पुसला आणि त्याच पाटावर कांदा, काकडी, टमाटे चिरले. लिंबू पिळले, मीठ टाकले आणि परात पंगतीत फिरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून एकेकाला ताप, पोटात पिळवटणे आणि जुलाब सुरू झाले. संध्याकाळपर्यंत अकरा माणसे आडवी झाली. त्यांत आम्हीही होतो. मुकादमाची तीन वर्षांची नात इतकी सुकली, की तिला दवाखान्यात दोन दिवस सलाईनवर ठेवावे लागले. पोर वाचली. पण त्या दोन रात्री आम्ही विसरू शकत नाही.

गावात लगेच चर्चा सुरू झाली. कोणी म्हणाले, कोंबडी शिळी असेल. सभासद म्हणाले, "साहेब, कोंबडी तं माह्या डोयासमोर कापली. चांगली धडधाकट होती. मंग बाधली कशी?" त्यांच्याच घरचे एक माळकरी काका होते. त्यांच्यासाठी वेगळी चूल मांडून बेसन-भाकर केली होती. तेही आजारी पडले. ते म्हणाले, "म्या तं रस्सा तोंडाले नाही लावला, मंग मले काऊन?"

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी वही घेतली आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: काय खाल्ले, काय नाही? उत्तर हळूहळू वर आले. ज्यांनी नुसता रस्सा-भाकर खाल्ली ते बहुतेक ठणठणीत होते. आजारी पडलेल्यांपैकी जवळपास सगळ्यांनी कांदा-काकडी खाल्ली होती, माळकरी काकांनीसुद्धा. शौचाचा नमुना प्रयोगशाळेत गेला नव्हता, म्हणून जंतूचे नाव छातीठोकपणे सांगता येणार नाही, असे डॉक्टर म्हणाले. पण कच्च्या कोंबडीवरून अशा रीतीने पसरणाऱ्या जंतूंत साल्मोनेला हा अगदी पुढचा, हेही त्यांनी सांगितले. त्यानंतर आम्ही या विषयाची माहिती गोळा केली. ती आपणांपुढे ठेवीत आहोत.

हा जंतू कोणता?

साल्मोनेला हा आतड्यात राहणारा सूक्ष्म जंतू. सूक्ष्मदर्शकाशिवाय तो दिसत नाही. अमेरिकेच्या शेती खात्यातले पशुवैद्य डॅनियल साल्मन यांच्या नावावरून त्याला हे नाव पडले. त्यांचे सहकारी थिओबाल्ड स्मिथ यांनी १८८५ साली डुकरांत तो शोधला. पुढे १८८८ साली जर्मनीतील फ्रांकेनहाउझेन या गावी एका आजारी गाईचे मांस खाऊन अनेक माणसे आजारी पडली व एक जण दगावला. त्या मांसात आणि मृताच्या शरीरात गेर्टनर या शास्त्रज्ञाला एकच जंतू सापडला. जनावराच्या मांसातून हा जंतू माणसाला बाधतो, हे तेव्हा उघड झाले.

या जंतूचे अडीच हजारांहून अधिक प्रकार आहेत. विषमज्वर, म्हणजे आपण ज्याला टायफॉइड म्हणतो, तो याच कुळातला. पण टायफॉइडचा जंतू फक्त माणसात राहतो आणि माणसाच्याच घाणीतून पाण्यात-अन्नात जातो. कोंबडीवाटे येणारे प्रकार वेगळे असून त्यांत एन्टेरिटिडिस आणि टायफीम्युरियम हे दोन मुख्य आहेत. ते ताप, पोटदुखी आणि जुलाब आणतात. म्हणून कोंबडी खाऊन टायफॉइड झाला, असे जे म्हटले जाते ते बरोबर नाही. तसेच कोंबडीमुळे झालेल्या जुलाबाला टायफॉइड समजून मनानेच गोळ्या घेणेही बरोबर नाही.

धडधाकट कोंबडीत जंतू कसा?

मुख्य मुद्दा इथेच आहे. आपला सगळ्यांचा समज असा, की आजारी कोंबडी वाईट आणि तरतरीत कोंबडी चांगली. या समजाला आधारही आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लू आला. भारतात त्या रोगाची ती पहिली नोंद. तिथे कोंबड्या पटापट मेल्या आणि लाखो पक्षी नष्ट करावे लागले. राज्यभर लोकांनी कोंबडी खाणे सोडले व भाव कोसळले. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावी तोच रोग आला, तेव्हाही कोंबड्या डोळ्यांदेखत मेल्या. तो रोग दिसतो, म्हणून लोक त्याला घाबरतात.

साल्मोनेला मात्र दिसत नाही. कोंबड्यांना स्वतःला मारणारे त्याचे दोन प्रकार आहेत. एक पुलोरम, म्हणजे पिलांची पांढरी हगवण, आणि दुसरा कोंबड्यांचा टायफॉइड. हे दोन्ही माणसाला सहसा बाधत नाहीत. माणसाला बाधणारे प्रकार मात्र मोठ्या कोंबडीच्या आतड्यात मुक्काम करतात आणि तिला बहुधा काहीच करीत नाहीत. ती दाणे खाते, वजन घेते, तुरा लाल असतो, आणि विष्ठेतून जंतू टाकीत राहते.

ऊसवाल्याला हे समजायला जड नाही. गवताळ वाढीचा रोग असलेले बेणे आपण हातात धरले तर कांडी सरळ दिसते, डोळा टपोरा दिसतो. लावल्यावर बेटच्या बेट गवतासारखे फुटते तेव्हा कळते. म्हणून तर पायाभूत बेण्याला ५४ अंश सेल्सिअसच्या बाष्पयुक्त गरम हवेची अडीच तास प्रक्रिया देतात. निरोगी दिसणारे बेणे निरोगीच असते असे आपण मानीत नाही. मग कोंबडीबाबत तरी का मानावे?

हाच न्याय गावरान कोंबडीला. ती उकिरड्यावर फिरते, उंदराने तोंड लावलेला दाणा खाते. चवीला ती सरस असेल, पण जंतूपासून ती मुक्त आहे असे समजू नये.

आतड्यातला जंतू मांसावर कसा येतो?

पिलू उबवणी केंद्रातून आले तेव्हापासून जंतूला वाटा मोकळ्या असतात. आईकडून अंड्यावाटे, खाद्यातून, पाण्यातून, उंदीर-घुशींच्या लेंड्यांतून आणि भुशाच्या गादीतून तो येतो. विक्रीच्या दिवशी पक्षी पिंजऱ्यात कोंबून गाडीत भरले जातात. घाबरलेला पक्षी जास्त विष्ठा टाकतो आणि वरच्या पिंजऱ्यातली घाण खालच्यांच्या पिसांवर पडते.

पुढे दुकानात कापताना आतडे फाटले, की विष्ठा मांसाला लागते. पिसे काढण्याच्या यंत्राची रबरी बोटे एका पक्ष्याची घाण दुसऱ्याला लावतात. एकाच बादलीत वीस कोंबड्या बुचकळल्या, तर पहिल्या कोंबडीचा जंतू विसाव्या कोंबडीला लागतो. ज्या लाकडी ओंडक्यावर तुकडे होतात, त्याच्या भेगांत रक्त आणि चरबी साचते. म्हणजे कोंबडी डोळ्यांसमोर कापली एवढ्याने ती ताजी ठरते. ती निर्धोक आहे की नाही ते त्यावरून ठरत नाही. हे दोन शब्द आपण एकच समजतो आणि तिथेच फसतो.

दुकान निवडताना म्हणून चार गोष्टी पाहाव्यात. पाणी वाहते आहे की एकाच बादलीतले? ओंडका रोज खरवडून धुतात का? आतडी काढण्याचा सुरा वेगळा आहे का? पैसे घेणारा हात आणि मांस कापणारा हात एकच आहे का? दुकानदार आपल्याच गावचा असतो. त्याला चारचौघांत न दुखावता ही गोष्ट सांगितली तर तो ऐकतो. गिऱ्हाईक विचारते म्हटल्यावर सुधारणा होते, असा आमचा अनुभव आहे.

वेळ आणि उष्णता

तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळपाला जावा म्हणून आम्ही आपल्या मागे का लागतो, हे आपण जाणता. कापलेल्या टोकातून जंतू शिरतात, साखर खातात आणि उतारा घटतो. जितके ऊन जास्त, तितकी खराबी लवकर. मांसाचेही तसेच आहे.

साल्मोनेलाला आपल्या अंगाइतकी, म्हणजे ३७ अंशांची ऊब फार मानवते. मनाजोगती ऊब आणि ओल मिळाली, तर वीस-पंचवीस मिनिटांत एकाचे दोन होतात. वीस मिनिटांचा हिशेब धरला तर एका जंतूचे सात तासांत वीस लाखांवर जंतू होतात. आता आपल्या अकोला जिल्ह्यातला उन्हाळा डोळ्यांपुढे आणा. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि टिनाखालची खोली रात्रीही निवत नाही. मोटारीच्या खोलीत सहा तास टांगलेली आमची ती पिशवी म्हणजे जंतूंचे उबवणी यंत्रच होते.

थंडीने हा जंतू मरत नाही. पाच अंशांखाली त्याची वाढ थांबते, एवढेच. बर्फात ठेवलेल्या मांसातही तो जिवंत राहतो आणि मांस बाहेर काढले की पुन्हा वाढू लागतो. त्याला मारते ती उष्णता. मांसाच्या आतल्या भागात ७४ अंश उष्णता पोचली, की तो मरतो. आपल्या चुलीवर खळखळ उकळणाऱ्या रश्श्यात ही उष्णता सहज मिळते. आपल्या जुन्या बाया मांस चांगले रटरट शिजवीत, ती पद्धत शास्त्राला धरून आहे. धोका असतो तो मोठे तुकडे अर्धवट भाजण्यात. शेकोटीवर भाजलेली तंगडी वरून काळी होते आणि हाडाजवळ लालच राहते. तुकडा मोडून पाहावा. हाडाजवळ गुलाबी दिसले किंवा रस तांबूस निघाला, तर तो परत निखाऱ्यावर ठेवावा.

शिजलेले मांसही फार वेळ तसेच ठेवू नये. झाकण, चमचा किंवा हात यांवाटे जंतू पुन्हा आत जाऊ शकतो. रात्रीचा रस्सा सकाळी टोळीला देण्याची चाल आहे. द्यायचाच तर तो रात्री दोन तासांच्या आत थंड जागी, फ्रीज असल्यास फ्रीजमध्ये ठेवलेला असावा, आणि सकाळी नुसता कोमट न करता पुन्हा खळखळा उकळावा. उन्हाळ्यात फ्रीज नसेल तर उरेल इतके करूच नये.

चुलीपेक्षा पाटाला जपा

मांस चुलीवर गेले की जंतू मेला. मग माणसे आजारी का पडतात? कारण चुलीवर न जाणाऱ्या वस्तूंना तो आधीच लागलेला असतो. सुरा, विळी, पाट, घमेले, हात, फडके आणि नळाची तोटी ही त्याची ठिकाणे. तिथून तो कांदा, काकडी, कोथिंबीर, लिंबू, भाकरी आणि पाण्याच्या माठापर्यंत जातो. आमच्या पंगतीत नेमके हेच घडले. रस्सा निर्दोष होता, दोष आमच्या हातातल्या सुऱ्याचा. फडक्याने पुसल्याने सुरा स्वच्छ दिसला खरा, पण स्वच्छ झाला नव्हता.

कच्ची कोंबडी धुण्याबद्दलही सांगितले पाहिजे. जाणकार सांगतात की ती धुऊच नये, कारण धुण्याने जंतू निघत नाहीत, उलट पाण्याचे शिंतोडे आजूबाजूच्या भांड्यांवर उडतात. आपल्याकडे मांस न धुता शिजवणे कोणाला पटणार नाही, हे आम्ही जाणतो. घरात न धुता मांस शिजवा म्हटले, तर आमचीच मंडळी आम्हांला बाहेर काढतील. तेव्हा धुवायचेच तर जोराच्या नळाखाली धुऊ नये. खोल भांड्यात थोडे पाणी घेऊन हळू हाताने, इतर भांड्यांपासून दूर धुवावे. ते पाणी अंगणात न फेकता मोरीत ओतावे आणि भांडे, मोरी, हात साबणाने धुवावेत. हळद, मीठ, लिंबू लावल्याने चव येते. जंतू मरण्याची खात्री त्यात नाही.

अंड्याचेही असेच. जंतू कवचावर असतो, क्वचित आतही असतो. तालमीतली पोरे कच्ची अंडी दुधात फोडून पितात. ही सवय सोडावी. उकडलेल्या अंड्यात ताकद कमी होत नाही. शहरातून आता तालुक्यालाही आलेले मेयोनीज बरेचदा कच्च्या अंड्याचे असते. विषबाधेच्या घटनांनंतर केरळने जानेवारी २०२३ मध्ये, तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली. मुलांना शोरमा, मोमो खाऊ घालताना हे लक्षात असू द्यावे.

आजार झाल्यास

दूषित अन्न खाल्ल्यानंतर सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत केव्हाही त्रास सुरू होतो. ताप, पोटात कळा, जुलाब, कधी उलटी. धट्टाकट्टा माणूस चार-सात दिवसांत आपोआप बरा होतो. पण तान्ही मुले, म्हातारी माणसे, गरोदर बाया, मधुमेही आणि आधीच अशक्त असलेली माणसे यांच्यात जंतू आतड्यातून रक्तात शिरू शकतो आणि जिवावर बेतते.

पहिले औषध म्हणजे पाणी, मीठ आणि साखर. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. दुकानात जीवनजलाची पुडी मिळाली तर फारच उत्तम. जुलाब झाला की घोट-घोट पाजत राहावे. तान्ह्या मुलाचे अंगावरचे दूध बंद करू नये.

या साध्या पाण्याची गोष्ट साखर कारखान्याच्या सभासदांनी तरी माहीत करून घ्यावी. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली. सलाईन संपले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज घातलेले पाणी पिंपांतून लोकांना पाजले. मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या घरातून चारच्या खाली आले. आतड्यात साखर असली, की ती मीठ आणि पाणी आपल्याबरोबर रक्तात ओढून नेते, हे त्यामागचे शास्त्र. नुसते पाणी पाजून ते काम होत नाही. आपण शेतात पिकवतो त्या साखरेचा हा गुण आहे.

शौचात रक्त, तीन दिवसांवर टिकणारा ताप, लघवी कमी होणे, डोळे खोल जाणे, मूल सुस्त पडणे, यांपैकी काही दिसले तर घरी थांबू नये, थेट दवाखाना गाठावा. जंतुनाशक गोळ्या मनाने घेऊ नयेत. साध्या आजारात त्यांचा उपयोग होत नाही, उलट शरीरात जंतू जास्त दिवस रेंगाळू शकतो. बरे वाटल्यावरही काही आठवडे शौचातून जंतू जात राहतो. म्हणून नुकत्याच बऱ्या झालेल्या माणसाने पंगतीचा स्वयंपाक करू नये.

कोंबडीपालन करणाऱ्या सभासदांसाठी

आपल्यापैकी काहींनी उसाला जोड म्हणून कोंबड्यांची शेड टाकली आहे. जंतू थोपवण्याची पहिली जागा तीच. पिले खात्रीच्या केंद्रातूनच घ्यावीत. एक खेप पूर्ण विकल्याशिवाय दुसरी आणू नये, आणि मधल्या काळात शेड धुऊन, चुना लावून कोरडी ठेवावी. उंदीर खाद्याला शिवणार नाहीत अशी व्यवस्था करावी. मेलेला पक्षी कालव्यात किंवा उकिरड्यावर टाकू नये, खड्ड्यात चुना घालून पुरावा.

औषधांबद्दल एक इशारा. पिले लवकर वाढावीत म्हणून खाद्यातून जंतुनाशके देण्याची चाल पडली. त्यामुळे औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात, जसा एकच कीटकनाशक वर्षानुवर्षे मारला की किडी दाद देत नाहीत. माणसाच्या गंभीर आजारात अखेरचा उपाय म्हणून राखलेले कोलिस्टिन हे औषध खाद्य-जनावरांना देण्यास केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये बंदी केली ती याचसाठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या यादीतही औषधाला न जुमानणारा साल्मोनेला धोक्याच्या वरच्या श्रेणीत आहे. तेव्हा औषध पशुवैद्याच्या सल्ल्यानेच द्यावे, आणि दिल्यावर ठरलेले दिवस गेल्याशिवाय पक्षी विकू नये. अकोल्याला पशुवैद्यकीय पदव्युत्तर संस्था आहे. शंका आल्यास मेलेला पक्षी घेऊन तिथे तपासणी करून घेता येते.

हा जंतू शेडमध्येच आटोक्यात येतो, याचा दाखला स्वीडनचा आहे. १९५३ साली तेथील आल्वेस्टा गावच्या कत्तलखान्यातल्या मांसामुळे सुमारे नऊ हजार माणसे आजारी पडली व नव्वद दगावली. त्या देशाने धडा घेतला. कळपांची तपासणी, दूषित कळप नष्ट करणे आणि खाद्यावर नजर, हे नेमाने केले. आज तिथल्या कोंबड्यांत हा जंतू क्वचितच सापडतो.

कोंबडी खत आणि उसातले आंतरपीक

आता आमच्या खात्याची गोष्ट. कोंबडी खत उसाला चांगले, नत्र भरपूर. पण कच्च्या खतात हा जंतू महिनोन्‌महिने टिकू शकतो. उसाला त्याची बाधा नाही. पण त्याच सरीत आपण कोथिंबीर, मेथी, मुळा, कांदा घेतो. ही पिके कच्ची खाल्ली जातात, म्हणजे चुलीचे संरक्षण नाही. म्हणून खत ढीग लावून कुजवूनच वापरावे. अमेरिकेतील सेंद्रिय शेतीच्या नियमांप्रमाणे ढिगाची आतली उष्णता ५५ अंशांवर किमान पंधरा दिवस राहावी आणि त्या काळात ढीग पाच वेळा खाली-वर करावा. कच्चे खत घातलेच, तर मातीला टेकणारी भाजी १२० दिवसांच्या आत काढू नये. खत हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत, आणि मुलांना ढिगावर खेळू देऊ नये.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

१) कोंबडी कापल्यापासून चुलीवर जाईपर्यंत उन्हाळ्यात एका तासाहून जास्त वेळ उघड्या उष्म्यात ठेवू नये.
२) कांदा-काकडी आधी चिरून झाकून ठेवावी, मांस नंतर कापावे. शक्य तर सुरा आणि पाट वेगळे ठेवावेत.
३) कच्च्या मांसाला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. नुसते पाणी पुरत नाही.
४) हाडाजवळचे मांस शिजल्याशिवाय वाढू नये.
५) उरलेले उकळल्याशिवाय खाऊ नये. शंका आली तर टाकून द्यावे.
६) कच्चे अंडे पिऊ नये.
७) जुलाब झाल्यास साखर-मीठ-पाणी ताबडतोब सुरू करावे.

शेवटी एक विनंती. फडावर जेवण देणे ही आपली चांगली रीत आहे, ती मोडू नये. पण टोळीची माणसे कोपीत राहतात. त्यांच्याजवळ फ्रीज नाही, नळ नाही, साबणही पुरता नसतो. त्यांचे लेकरू आजारी पडले, तर रात्री दवाखान्यात न्यायला गाडी नसते आणि दुसऱ्या दिवशीची मजुरीही बुडते. जेवण आपले, तर त्यातली काळजीही आपलीच. जेवणाच्या दिवशी दोन साबण, एक जादा सुरा, एक जादा पाट आणि झाकणाचा एक पाण्याचा पिंप, एवढे सामान शेतावर न्यावे. त्याला फारसा खर्च येत नाही.

आम्ही आता फडावरच्या जेवणाला जातो तेव्हा पिशवीत आमचा स्वतःचा सुरा आणि साबणाची वडी नेतो. माळकरी काका ते पाहून हसतात आणि म्हणतात, "साहेब, आता कांदा तुमीच चिरा." तो कांदा आम्ही मांसाला हात लागण्याआधी चिरून, झाकून ठेवतो. आपणही तेवढे करावे, अशी नम्र विनंती आहे.